आधाराचा रकाना

काटोलच्या आमच्या घरात एक जुनी लोखंडी पेटी आहे. जमिनीचे कागद, आजोबांच्या वेळच्या पावत्या, वडिलांचा मृत्यूचा दाखला असं सगळं तिच्यात एकत्र पडलेलं असतं. त्या कागदांत एक अर्धवट भरलेला अर्ज आहे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. साल १९८८. नाव माझ्या थोरल्या भावाचं, अक्षर माझं. खाली अर्जदाराच्या अंगठ्याची जागा कोरी आहे.

तो अर्ज कोरा का राहिला, ते मला नीट आठवतं. मी ओसरीवर बसून लिहीत होतो आणि आई सूप घेऊन तूर पाखडत होती. "काय लिहून रायला रे?" तिनं विचारलं. मी वरचं नाव वाचून दाखवलं. निराधार हा शब्द ऐकला आणि तिनं सूप खाली ठेवलं. "निराधार कायचा? मी हावो ना!" एवढंच म्हणाली आणि पुन्हा तूर पाखडू लागली. पैशांची गरज आम्हांला होती. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, संत्र्याची झाडं वाळत चालली होती. पण त्या शब्दाखाली मुलाचा अंगठा उमटू द्यायला ती तयार झाली नाही.

दादा तेव्हा ३० वर्षांचा होता. आज ज्याला बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात, ते त्याला जन्मापासून आहे. तो थोडं बोलतो. नाणी ओळखतो, नोटा ओळखत नाही. आंघोळीची आठवण करून द्यावी लागते, रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. पण तोडणीच्या दिवसांत संत्र्याच्या ढिगापाशी बसवलं की लहान-मोठी फळं वेगळी करण्यात त्याचा हात चुकत नाही. गावात त्याला 'भोया' म्हणत. या शब्दात माया होती, थट्टाही होती.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर त्या कोऱ्या अंगठ्याचा इतिहास शोधावा असं वाटू लागलं. अशा माणसांसाठी सरकारनं आजवर कोणत्या नावानं, कशासाठी आणि कोणत्या दारातून पैसा दिला? या शोधातून जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. गेल्या शंभर वर्षांत कायदा वेड्यांच्या इस्पितळापासून निघून घराच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. पैसा मात्र अजून संस्थेच्या फाटकाशी थबकतो, आणि घरात आलाच तर घर नाही असं गृहीत धरून येतो.

एका रकान्यात दोन माणसं

इंग्रजी अमलात काटोल ही मध्य प्रांतातल्या नागपूर जिल्ह्याची तहसील होती. या प्रांतात वेड्यांसाठी सरकारी आश्रयस्थानं होती ती नागपूर आणि जबलपूरला. नागपूरचं आश्रयस्थान एकोणिसाव्या शतकातलं. आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय हा त्याचाच वारसा. १९१२ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेडेपणाचा कायदा आला. त्यात 'ल्युनॅटिक' या शब्दाची व्याख्या अशी होती की 'इडियट' म्हणजे जन्मजात मंदबुद्धीची व्यक्ती आणि ज्याचं चित्त ठिकाणावर नाही अशी व्यक्ती, दोघंही त्यात आली. एकाचं मन आजारानं बिघडलेलं, ते बरंही होऊ शकतं. दुसऱ्याला आजारच नाही; त्याची वाढ वेगळ्या गतीनं झालेली. कायद्यानं दोघांना एकाच दारातून आत घेतलं आणि त्या दाराला बाहेरून कडी होती.

शिरगणतीतही तेच. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत 'व्यंगां'चा एक रकाना असे. आंधळे, मुके-बहिरे, महारोगी आणि वेडे अशा चार जातींची माणसं त्यात नोंदायची. दादासारखा माणूस त्या काळी असता तर मोजणी करणाऱ्यानं त्याला 'वेडा' लिहिलं असतं, नाहीतर रकाना मोकळा सोडला असता. तिसरी सोय नव्हती. १९४१ पासून हा रकानाच गेला. पुढे १९८१ च्या जनगणनेत अपंगत्व पुन्हा विचारलं गेलं तेव्हाही बुद्धीच्या अपंगत्वाला जागा नव्हती. २००१ मध्ये 'मानसिक' असा एक गट आला. मंदबुद्धी आणि मनोविकार हे दोन वेगळे प्रकार म्हणून मोजले गेले ते थेट २०११ मध्ये. त्या वर्षी देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतले सुमारे १५ लाख बौद्धिक अपंगत्वाचे. महाराष्ट्रातल्या सर्व प्रकारच्या अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती.

मग इतकी वर्षं ही माणसं होती कुठं? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णालयांतल्या खाटा होत्या १० हजारांच्या आसपास. म्हणजे बाकीचे सगळे घरीच होते. आया, आज्या, बहिणी आणि भावजया त्यांचं करत होत्या. आपण त्याला एकत्र कुटुंबाची पुण्याई म्हणतो. ती होतीच, पण तिच्यासोबत अंधारी खोलीही होती, बाजेला बांधलेला पायही होता, आणि लग्न न होऊ शकलेली एखादी बहीणही होती. घराचं कौतुक करताना या गोष्टी वगळल्या तर इतिहास खोटा ठरतो. आणि घराला पगार नव्हता, रजा नव्हती. म्हणून सरकारी कागदांत त्याची नोंदही नाही.

पैसा खाटेमागं

मुंबईत स्वतंत्र सोय झाली. चिल्ड्रन्स एड सोसायटीनं १९४१ मध्ये मानखुर्दला मंदबुद्धी मुलांसाठी गृह काढलं. १९४४ मध्ये वकील दांपत्यानं आपली मुलगी जय हिच्यासाठी आणि तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा सुरू केली. ती आज जय वकील फाउंडेशन म्हणून ओळखली जाते. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापला. बाळंतिणींच्या शुश्रूषेपासून निघालेल्या या संस्थेनं पुढं 'नंदनवन' ही मतिमंद मुलांची शाळा चालवली. ही कामं मोठी आहेत. ज्या काळात अशी मुलं शिकू शकतात यावरच कुणाचा विश्वास नव्हता, त्या काळात या लोकांनी ते करून दाखवलं.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबईची पद्धतही आली. संस्थेनं शाळा किंवा वसतिगृह काढायचं, सरकारनं मान्यता द्यायची. शिक्षकांचे पगार आणि निवासी मुलांमागं परिपोषण अनुदान द्यायचं. यातून शहरांत शाळा उभ्या राहिल्या, हे खरं. पण काटोलच्या, नरखेडच्या, कोंढाळीच्या आईनं काय करायचं? मुलाला साठ किलोमीटरवर नागपूरला ठेवलं तर त्याच्या जेवणाचे पैसे सरकार संस्थेला देणार. तेच मूल ती घरी जेवू घालते, न्हाऊ घालते, रात्री उठून पाहते, त्याचे काहीच नाहीत. सरकारी पैसा मुलामागं नव्हता, तो खाटेमागं होता.

ही पद्धत आपल्यापुरती नव्हती. अमेरिकेतही तसंच होतं. आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या मुलीला तान्हेपणी मेंदूज्वर झाला आणि श्वासासाठी यंत्राची गरज लागू लागली. तिचं दुखणं दादासारखं नव्हतं, पण अडचण तीच होती. ती रुग्णालयात होती तोवर सरकारी योजना खर्च देत होती. घरी नेली तर मदत बंद, जरी घरचा खर्च रुग्णालयाच्या एका अंशाइतकाच होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचं उदाहरण दिलं, आणि नियमाला अपवाद करून ती डिसेंबरात घरी गेली. त्याच वर्षी तिथल्या कायद्यात बदल होऊन, संस्थेत ठेवण्याचा पैसा घरी आणि वस्तीत सेवा देण्यासाठी वापरता येईल अशी तरतूद झाली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लाखो लोकांना घरी मदतनीस मिळू लागला तो या तरतुदीतून. तिथंही सगळं आलबेल नाही, प्रतीक्षायाद्या लांब आहेत. पण पैशानं माणसामागं जावं, हे तत्त्व तिथं मान्य झालं.

कायद्याविना तीन वर्षं

आपल्याकडे त्याच सुमारास, १९८० मध्ये, संजय गांधी निराधार योजना आली. १९८५ मध्ये केंद्रानं जिल्हा पुनर्वसन केंद्रांचा प्रयोग हाती घेतला. त्यांतलं एक केंद्र विरारला होतं. गावातल्याच कार्यकर्त्याला शिकवून मदत घरापर्यंत न्यायची, अशी त्यामागची कल्पना. विदर्भातल्या आमच्या गावांपर्यंत ती पोचली नाही.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला आणि १९१२ चा जुना कायदा गेला. नव्या कायद्यानं मनोरुग्णाच्या व्याख्येतून मंदबुद्धी व्यक्तीला बाहेर काढलं. शास्त्राच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण बाहेर काढून तिला नेलं कुठं? अपंग व्यक्तींच्या समान संधींचा कायदा लागू झाला ७ फेब्रुवारी १९९६ ला. मधली जवळजवळ तीन वर्षं या लोकांच्या हक्कांविषयी बोलणारा केंद्रीय कायदाच नव्हता.

या तीन वर्षांच्या बरोबर मध्ये, फेब्रुवारी १९९४ मध्ये, शिरूरचं प्रकरण घडलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर इथल्या मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते असं की पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना त्या चार दिवसांत हाताशी एखादी बाई हवी होती. सरकारजवळ शस्त्रक्रियागृह होतं, ती बाई नव्हती. कायद्यातल्या त्या पोकळीमुळंच हे घडलं असं मी म्हणत नाही. पण माणसाला आधार देण्याची व्यवस्था नसली की त्याच्या शरीरालाच व्यवस्थेजोगं कापून घेतलं जातं, हे त्या महिन्यात दिसलं.

विदर्भापुरतं बोलायचं तर याच्या नेमकं उलट उदाहरण परतवाड्याजवळच्या वज्झरचं. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस मतिमंद आणि मूकबधिर मुलांना बापाचं नाव दिलं, काहींची लग्नं लावली. १८ वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर, हा नियम अशा मुलांना लावू नका, यासाठी ते वर्षानुवर्षं सरकारशी भांडत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना घर नव्हतं त्यांच्यासाठी त्यांनी संस्थेचंच घर केलं. मग ज्यांना घर आहे, त्यांचं काय?

'माह्या मागं'

आई २००९ मध्ये गेली. शेवटच्या आजारपणात तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "माह्या मागं याचं कोन करन?" मी म्हणायचो, "मी हावो ना." तिचंच वाक्य मी तिला परत देत होतो. ते तिला कळायचं आणि ती हसायची. पण पुरतं पटायचं नाही, कारण मी नोकरीवर जाणार आणि दादाचं प्रत्यक्ष करणार ती माझी बायको, हे तिला ठाऊक होतं. त्या घरात कोणी काही बोललं नाही, तरी माझ्या बायकोनं गेली १७ वर्षं एकही रात्र माहेरी काढलेली नाही.

आईचा हा प्रश्न देशभरच्या आईबापांचा होता, आणि पालकांच्या संघटनांनीच तो दिल्लीपर्यंत नेला. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा हे त्याचं फळ. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी केंद्रानं १०० कोटींचा निधी ठेवून न्यास स्थापला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते. सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमण्याचं काम ती करते. दादाचा कायदेशीर पालक म्हणून माझं नाव लागलं ते याच कायद्याखाली. न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारांचा, थेरपीचाही खर्च मिळतो. 'विकास' ही दिवसभराच्या केंद्राची योजना, 'समर्थ' ही घरच्यांना थोडी उसंत देण्याची, 'घरौंदा' कायमच्या निवासाची, 'सहयोगी' काळजीवाहक तयार करण्याची. यादी वाचली की वाटतं, आईला हेच तर हवं होतं. अडचण एवढीच, की या योजना नोंदणीकृत संस्थेमार्फत चालतात. जिथं संस्था नाही तिथं योजना कागदावर. पैसा पुन्हा फाटकाशी थांबला.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००६ मध्ये झाला, भारतानं त्याला १ ऑक्टोबर २००७ ला मान्यता दिली. त्याच्या एकोणिसाव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. तो धागा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. त्याचं पाचवं कलम मी अनेकदा वाचलं आहे. अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. एखाद्या ठरावीक ठिकाणीच राहण्याची सक्ती तिच्यावर नसावी. घरी आणि वस्तीत मदतीच्या सेवा, व्यक्तिगत मदतनीससुद्धा, तिला मिळाव्यात, असा त्याचा आशय. चोविसाव्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. ज्या बाईचं नाव शंभर वर्षांत कुठल्याही सरकारी कागदावर आलं नव्हतं, तिची चाहूल इथं लागते. पण पाचवं कलम म्हणतं, सरकार 'प्रयत्न करील'. आणि चोविसावं म्हणतं, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. हे शब्द कायद्यात उगाच येत नाहीत.

काटोलच्या घरात काय पोचतं

आज काटोल तालुक्यातल्या एखाद्या घरात असं मूल असेल तर सरकार त्याच्यापर्यंत कसं पोचतं? शाळेच्या वयात ते बऱ्यापैकी पोचतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी करतं. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. विशेष शिक्षक घरी येतो. घरापर्यंत चालत येणारी, सरकारी पैशावरची हीच आपल्याकडची खरी सेवा. मूल १८ वर्षांचं झालं की तीही थांबते.

त्यानंतर उरतं ते पेन्शन. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला ८० टक्के अपंगत्व लागतं आणि दारिद्र्यरेषेखालचं घर लागतं. रक्कम महिन्याला ३०० रुपये. राज्याच्या संजय गांधी योजनेला ४० टक्के पुरतात. तिची रक्कम २०२३ मध्ये १५०० झाली, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय झाला. ही वाढ मोठी आहे, तिचं स्वागत करायलाच हवं. पण अपंग अर्जदाराच्या घरचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावं लागतं. चार एकर संत्रा असलेल्या शेतकऱ्यानं खरं उत्पन्न लिहिलं तर मूल अपात्र. मूल पात्र करायचं तर कागद खोटा. आणि योजनेचं नाव अजून तेच आहे.

महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला.  ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चावेत, असा नियमही आहे. ही रक्कम बहुधा माणशी वाटून टाकली जाते. प्रत्येकाच्या हातात थोडं थोडं येतं आणि संपतं. केरळात याहून वेगळा मार्ग काढलेला दिसतो. तिथं २००४ मध्ये वेंगानूर पंचायतीनं 'बड्स' नावाची शाळा काढली, मग इतर पंचायतींनी तशा शाळा आणि मोठ्यांसाठी दिवसभराची केंद्रं उघडली. अंथरुणाला खिळलेल्या आणि बौद्धिक अपंग व्यक्तींची घरी काळजी घेणाऱ्याला 'आश्वासकिरणम्' योजनेत महिना ६०० रुपये मंजूर आहेत. रक्कम किरकोळ आहे. पण तो अर्ज अपंगाला निराधार म्हणत नाही, आणि काळजी घेणाऱ्या बाईचं नाव त्यावर असतं.

मला काटोलसाठी हेच मागावंसं वाटतं. पालिकेच्या आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या ५ टक्क्यांतून एक दिवसाचं केंद्र: सकाळी दहा ते पाच, दोन शिकलेल्या बाया, एक गाडी. हंगामात तिथं संत्र्याची प्रतवारी करता येईल, एरवी द्रोण करता येतील. आणि घरी करणाऱ्या बाईसाठी भत्ता, उत्पन्नाची अट न घालता, कारण तिचे श्रम उत्पन्न पाहून कमी-जास्त होत नाहीत. कायद्यात दोन्हींना जागा आहे.

गेल्या वर्षी मी दादाच्या पेन्शनचा अर्ज भरला. शेती आता थोडीच उरली आहे आणि ती त्याच्या नावावर आहे. उत्पन्न मर्यादेत बसलं. या वेळी अंगठा लागला. आईला विचारायला आई नव्हती. अंगठ्याची शाई पुसायला माझी बायको ओला फडका घेऊन आली आणि अर्ज हातात घेऊन तिनं वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "याच्यात माझं नाव कुठंच नाही जी."

अर्ज उलटवून मी मागची बाजू पाहिली. तिथंही तसा रकाना नव्हता.